६०० जीबीचा ऑर्केस्ट्रा २०० एमबीत कसा बसतो? व्हर्च्युअल वाद्यांच्या साइजमागचं गणित

'स्पिटफायर ऑडिओ' या ब्रिटिश कंपनीने २०१९ मध्ये बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा सॉफ्टवेअरच्या रूपात बाजारात आणला. लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत या ऑर्केस्ट्राच्या वादकांना बसवून त्यांच्याकडून एकेक सूर वाजवून घेतला आणि रेकॉर्ड केला. ते सगळे सूर एका सॉफ्टवेअरमध्ये भरले. त्यामुळे घरात बसून कीबोर्डची एक पट्टी दाबली की लॅपटॉपमधून लंडनचं व्हायोलिन ऐकू येतं.

या सॉफ्टवेअरची साइज सुमारे ६०० जीबी आहे. रोज दीड जीबी डेटा देणाऱ्या मोबाइल प्लॅनवर ते डाउनलोड करायला बसलं, तर ४०० दिवस लागतील.

पुढच्याच वर्षी याच कंपनीने याच ऑर्केस्ट्राची 'डिस्कव्हर' नावाची छोटी आवृत्ती आणली. पैसे द्यायचे नसतील तर एक प्रश्नावली भरायची आणि काही दिवस थांबायचं, मग ती फुकट मिळायची. तिची साइज साधारण २०० एमबी, म्हणजे मूळ आवृत्तीच्या तीन हजारपट लहान. या दोघींच्या मधोमध ३० जीबीच्या आत बसणारी 'कोअर' नावाची आवृत्तीही आहे.

वादक तेच आणि हॉलही तोच. मग मधले जवळपास ६०० जीबी नेमके कशाचे? आणि २०० एमबीच्या आवृत्तीवर केलेलं गाणं तीन हजारपट वाईट वाजतं का?

हा प्रश्न फक्त परदेशी संगीतकारांचा राहिलेला नाही. घरच्या खोलीत लॅपटॉप, एक साउंड कार्ड आणि छोटा कीबोर्ड घेऊन गाणी, रील्सचं संगीत किंवा शॉर्टफिल्मचं पार्श्वसंगीत करणारी हजारो मुलं-मुली आज महाराष्ट्रातही आहेत. त्यांच्या खिशाला हा विषय आता जास्तच लागायला लागलाय, त्याचं कारण म्हणजे मेमरीचे भाव.

रॅम महाग झाली, त्याचा गाण्याशी काय संबंध?

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांत जगभर रॅमचे भाव झपाट्याने वाढले. एआयच्या डेटा सेंटर्सना प्रचंड प्रमाणात मेमरी लागते, आणि जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. या कंपन्यांनी आपला मोर्चा साहजिकच जास्त पैसे देणाऱ्या डेटा सेंटर्सकडे वळवला. ३ डिसेंबर २०२५ रोजी तर मायक्रॉनने 'क्रुशियल' या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आतापर्यंत साउंड लायब्ररी बनवणाऱ्या कंपन्यांचं एक साधं गृहीतक होतं, की मेमरी दरवर्षी स्वस्त होत जाणार, त्यामुळे लायब्ररी मोठी केली तरी चालेल. 'आमची लायब्ररी १०० जीबीची आहे' हे जाहिरातीत अभिमानाने सांगितलं जायचं. आता ते गृहीतक डळमळीत झालंय. म्हणून कमी जागेत चांगला आवाज कसा बसवायचा, हा जुना प्रश्न पुन्हा टेबलावर आलाय.

मुळात हे सॅम्पल प्रकरण काय आहे?

सॅम्पल म्हणजे खऱ्या वाद्याचा रेकॉर्ड केलेला एक तुकडा. पियानोची एक पट्टी दाबली, तिचा आवाज विरेपर्यंत रेकॉर्ड केला, हा झाला एक सॅम्पल. असे शेकडो-हजारो सॅम्पल एकत्र केले आणि कोणती पट्टी किती जोरात दाबली की कोणता सॅम्पल वाजवायचा याचे नियम लिहिले, की तयार होतं व्हर्च्युअल वाद्य. 'कॉन्टॅक्ट'सारखं सॉफ्टवेअर हेच काम करतं.

साइज कुठून येते ते समजून घ्यायला थोडा हिशेब करावा लागेल, पण तो शाळेतल्या गुणाकाराच्या पलीकडे जात नाही.

आज स्टुडिओत सर्रास वापरला जाणारा दर्जा म्हणजे ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. याचा अर्थ आवाजाची मोजणी दर सेकंदाला ४८,००० वेळा होते, प्रत्येक मोजणीला ३ बाइट लागतात, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल असतात. तिन्हींचा गुणाकार केला तर एका सेकंदाला २,८८,००० बाइट होतात, म्हणजे मिनिटाला साधारण १७ एमबी.

आता एक पियानो घेऊ. पट्ट्या ८८. हळू दाबल्यावर पियानोचा आवाज मऊ येतो आणि जोरात दाबल्यावर नुसता मोठा येत नाही, तो धारदारही होतो. त्यामुळे प्रत्येक पट्टी अगदी हलक्यापासून ते जोरकसपर्यंत १६ वेळा रेकॉर्ड करायची असं धरू. याला 'व्हेलॉसिटी लेअर' म्हणतात. प्रत्येक सॅम्पल सरासरी २० सेकंदांचा धरला तर एकूण १,४०८ सॅम्पल झाले. त्यांचा एकूण वेळ होतो २८,१६० सेकंद, म्हणजे पावणेआठ तासांहून थोडा जास्त. आणि साइज सुमारे ८ जीबी.

इथपर्यंत ठीक आहे. पण स्टुडिओत एकच माइक नसतो. एक तारांच्या जवळ, एक वादकाच्या डोक्याशी, एक हॉलच्या मध्यभागी आणि एक पार मागे अशा चार जागांचे आवाज वेगवेगळे ठेवले, की ८ चे ३२ जीबी झाले. पेडल दाबून ठेवल्यावर पियानोच्या बाकीच्या ताराही सोबत गुणगुणतात, म्हणून सगळं पुन्हा पेडलसह रेकॉर्ड केलं, की ६५ जीबी. कुणी म्हणालं ४८ ऐवजी ९६ किलोहर्ट्झमध्ये करू, की झाले १३० जीबी.

म्हणजे पियानो एकच, पण ८ जीबीवरून १३० जीबीवर गेला. गंमत अशी की यातला एकही नवा सूर नाही. वाढलेत ते माइक, पेडल आणि मोजणीचा वेग.

कमी जागेत काम भागवणं नवीन नाही

ही ओढाताण कंप्युटरच्याही आधीची आहे. १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये मेलोट्रॉन नावाचं वाद्य आलं. त्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपची एक पट्टी असायची आणि तिच्यावर खऱ्या बासरीचा किंवा व्हायोलिनचा सूर रेकॉर्ड केलेला असायचा. ही टेप जेमतेम ८ सेकंद पुरायची. ८ सेकंदांनी सूर तुटायचा, की वादकाने पट्टी सोडून पुन्हा दाबायची. बीटल्सच्या १९६७ मधल्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' या गाण्याच्या सुरुवातीला ऐकू येणारी बासरी अशाच मेलोट्रॉनची आहे.

१९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या ई-म्यू कंपनीच्या 'एसपी-१२००' या मशीनमध्ये सगळं मिळून १० सेकंदांच्या आसपास आवाज मावायचा, तोही १२ बिटचा. न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्यांनी त्यावर तोड काढली. ३३ च्या वेगाची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने वाजवायची, म्हणजे आवाज कमी वेळात भरला जातो, आणि मशीनमध्ये गेल्यावर तो पुन्हा संथ करायचा. यात आवाज खरखरीत व्हायचा. पण लोकांना तीच खरखर इतकी आवडली की आजही ती मुद्दाम आणणारी सॉफ्टवेअर विकली जातात.

आणखी एक उदाहरण तर जवळपास प्रत्येक विंडोज कंप्युटरमध्ये आहे. मिडी फाइल वाजवण्यासाठी विंडोजसोबत रोलँड कंपनीच्या आवाजांचा एक संच येतो. पियानोपासून सतारीपर्यंत १२८ आवाज आणि वर ड्रम, हे सगळं साधारण साडेतीन एमबीच्या एका फाइलमध्ये बसवलंय. व्हॉट्सअॅपवरचा एखादा फोटोही कधीकधी याहून मोठा असतो. तो आवाज खेळण्यातल्यासारखा वाटतो हे खरं, पण सतार ऐकल्यावर सतारच वाटते.

मोठ्या लायब्ररींचं दार उघडलं ते १९९८ मध्ये. त्या वर्षी आलेल्या 'गिगासॅम्पलर' या सॉफ्टवेअरने एक युक्ती काढली. तोपर्यंत वाद्य वाजवायचं तर सगळे सॅम्पल रॅममध्ये भरावे लागायचे. गिगासॅम्पलरने प्रत्येक सॅम्पलची फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवली आणि पट्टी दाबल्यावर पुढचा भाग हार्ड डिस्कवरून ओढायला सुरुवात केली. हॉटेलवाला भाजीचा रस्सा आधीच करून ठेवतो आणि ऑर्डर आली की पुढचं करतो, तसाच हा प्रकार.

आजही हीच पद्धत चालते. वरच्या ८ जीबीच्या पियानोत प्रत्येक सॅम्पलचे पहिले ६० केबी रॅममध्ये ठेवले, तर १,४०८ सॅम्पलना सुमारे ८५ एमबी रॅम पुरते. चार माइक आणि पेडलवाल्या ६५ जीबीच्या पियानोला मात्र पावणेसातशे एमबी लागतात. आणि हे फक्त एका वाद्याचं झालं. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अशी दहा वाद्यं उघडली, की विंडोज आणि क्रोमला जागाच उरत नाही. गाणं अडखळतं, आवाजात कटकट येते. म्हणजे डिस्कवर जागा असली तरी प्रश्न सुटत नाही.

मग साइज कमी कशी करतात?

यासाठी वापरले जाणारे मार्ग बरेच आहेत. प्रत्येकाची काही ना काही किंमत मोजावी लागते, पण सगळ्यांची सारखी नाही.

१. प्रत्येक सूर रेकॉर्ड न करणं. सा रेकॉर्ड केला तर तो किंचित वेगाने वाजवून कोमल रे काढता येतो. फार ताणलं की आवाज कार्टूनसारखा होतो, पण एक-दोन पट्ट्यांपर्यंत बहुतेकांना कळत नाही. 'सॅलॅमँडर ग्रँड पियानो' या मोफत मिळणाऱ्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत हेच केलंय. यामाहा सी-५ पियानोची दर तिसरी पट्टी रेकॉर्ड केलीय, पण प्रत्येकीचे १६ थर मात्र ठेवलेत. सूर कमी केले, थर कमी केले नाहीत. हा निर्णय महत्त्वाचा आहे आणि त्याचं कारण पुढे येईल.

२. लूप लावणं. बासरीचा किंवा ऑर्गनचा सूर सुरुवातीनंतर बऱ्यापैकी स्थिर असतो. त्याचे मधले दोन-तीन सेकंद पुन्हा पुन्हा फिरवले, की सूर हवा तितका वेळ टिकतो. जोड नीट नसेल तर दर फेऱ्याला आवाज लाटेसारखा हलतो, म्हणून हे काम कान लावून करावं लागतं. पियानोचा आवाज सतत विरत जातो, त्यामुळे तिथे लूप लवकर पकडला जातो.

३. दर्जा न घालवता दाबून बसवणं. झिप फाइलसारखाच हा प्रकार आहे. उघडल्यावर एकही बाइट इकडचा तिकडे झालेला नसतो. 'फ्लॅक' हा आवाजासाठीचा असाच एक खुला प्रकार आहे आणि कॉन्टॅक्टचा स्वतःचाही एक प्रकार आहे. यात साइज साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कमी होते. किंमत एवढीच, की वाजवताना प्रोसेसरला फाइल उलगडण्याचं थोडं जास्तीचं काम पडतं.

४. एमपी-थ्रीसारखं दाबणं. यात कानाला कमी कळणारा भाग कायमचा काढून टाकला जातो. स्वरलिपी लिहिण्याच्या 'म्यूझस्कोर' या मोफत सॉफ्टवेअरचा साउंड संच मूळ प्रकारात सुमारे २०० एमबीचा आहे, तर असा दाबलेला ४० एमबीच्या आत बसतो. सराव किंवा चाल ऐकून बघण्यासाठी तो पुरेसा आहे. पण अशा आवाजावर पुढे भरपूर इफेक्ट लावले, की काढून टाकलेल्या भागाची उणीव जाणवू शकते.

५. मोजणी कमी करणं. माणसाच्या कानाला जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि तेही तरुणपणी. ४४.१ किलोहर्ट्झच्या मोजणीत २२ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं येतं. त्यामुळे ९६ किलोहर्ट्झची लायब्ररी दुप्पट जागा खाते, पण साध्या वाजवण्यात त्या दुप्पट जागेचा फायदा कानापर्यंत पोहोचत नाही. एखादा आवाज खूप खाली ताणून विचित्र परिणाम साधायचा असेल, तरच तो साठा कामी येतो.

२४ बिटचा मुद्दा थोडा वेगळा आहे. रेकॉर्ड करताना २४ बिट हवेतच, कारण आवाज हळू भरला गेला तरी नंतर तो वाढवता येतो. पण रेकॉर्डिंग नीट पातळीवर आणून झालं की १६ बिटमध्येही सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. एकाच वेळी शंभर सूर वाजणाऱ्या शांत रचनेत २४ बिटचा उपयोग होऊ शकतो, ढोल-ताशाच्या गाण्यात तो शोधून सापडणार नाही.

६. माइक कमी करणं. चार माइकच्या आवाजांचं आधीच एक चांगलं मिश्रण करून एकच स्टिरिओ फाइल द्यायची. यात वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य जातं, पण साइज एका फटक्यात चौथा हिस्सा होते.

बीबीसी ऑर्केस्ट्राच्या ६०० जीबीचं कोडं बऱ्याच अंशी इथेच सुटतं. मोठ्या आवृत्तीत माइकचे आणि मिश्रणांचे मिळून २० वेगवेगळे आवाज दिलेत, छोट्या आवृत्त्यांमध्ये एकच तयार मिश्रण आहे. डिस्कव्हरमध्ये त्याशिवाय वाद्यांची संख्या ५५ वरून ३३ वर आणलीय आणि वाजवण्याच्या पद्धतीही खूप कमी ठेवल्यात.

आपल्या १३० जीबीच्या पियानोला हेच उपाय लावून पाहू. एकच मिश्रण, पेडलचा वेगळा संच नाही, दर तिसरी पट्टी, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट. उरतात साधारण १.७ जीबी. दर्जा न घालवता दाबले की एक जीबीच्या आसपास. १६ थर मात्र शाबूत आहेत.

काय कापलं की लगेच उघडं पडतं?

लावणीतली ढोलकी आठवून पाहा. वादक एकाच बोलावर वेगात सुटतो तेव्हा प्रत्येक थाप आधीच्या थापेहून किंचित वेगळी असते. बोट जरा इकडे पडतं, जोर जरा कमी-जास्त होतो. हे आपण जाणूनबुजून ऐकत नाही, पण कान त्याची नोंद घेत असतो.

आता व्हर्च्युअल ढोलकीत त्या बोलाचा एकच सॅम्पल असेल, तर सोळा वेळा अगदी तोच आवाज येणार. तो ऐकताना ढोलकी न वाटता शिलाई मशीन वाटतं. इंग्रजीत या प्रकाराला 'मशीनगन इफेक्ट'च म्हणतात. यावरचा उपाय म्हणजे एकच थाप पाच-सहा वेळा रेकॉर्ड करून आळीपाळीने वाजवणं. याला 'राउंड रॉबिन' असं नाव आहे.

व्हेलॉसिटी लेअरचंही असंच. ते कमी केले की वाद्य फक्त हळू आणि मोठं वाजतं, त्याचा स्वभाव बदलत नाही. हळू गाणाऱ्या गायकाचा आवाज वाढवला म्हणून तो पुकार लावतोय असं वाटत नाही, तसं हे आहे.

आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ९६ किलोहर्ट्झचा फरक मोबाइलच्या स्पीकरवर, इन्स्टाग्रामने दाबलेल्या आवाजात, बसच्या गोंगाटात ऐकू येणं शक्य नाही. शिलाई मशीनसारखी ढोलकी मात्र त्याच मोबाइलवर पहिल्या पाच सेकंदांत कळते. म्हणजे ज्या गोष्टी सर्वात जास्त जागा खातात, त्याच श्रोत्यापर्यंत सर्वात कमी पोहोचतात. वाजवण्यातला जिवंतपणा राखणाऱ्या गोष्टींना त्यामानाने कमी जागा लागते. सॅलॅमँडरमध्ये पट्ट्या कापल्या पण थर राखले, ते याचसाठी.

आपल्या वाद्यांचं गणित वेगळं का आहे?

हा सगळा हिशेब पियानोला धरून झाला. पण आपली वाद्यं पियानो नाहीत.

सर्वात सोपी पेटी. तिचा सूर ठरलेला, पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज बदलत नाही, ते काम भात्याचं. आणि सूर स्थिर असल्यामुळे लूप छान बसतो. ब्राउझरमध्ये कीबोर्डवर वाजणारी जी वेब पेटी अनेकांनी पाहिली असेल, ती पेटीच्या एकाच रेकॉर्डिंगला वर-खाली करून आणि लूप लावून सगळे सूर काढते. बारकाईने ऐकलं तर फरक कळतो, पण 'सारे जहाँ से' बसवायला ती पुरते.

तबल्याचे आवाज छोटे असतात. २० बोल, प्रत्येकाचे १० थर, प्रत्येक थराच्या ६ थापा आणि प्रत्येक थाप २ सेकंदांची धरली, तर स्टुडिओ दर्जातही सगळं मिळून सुमारे ७०० एमबी होतात. म्हणजे पियानोच्या आठ जीबीसमोर काहीच नाही. तबल्यातला अवघड भाग वेगळा आहे. डग्ग्यावर घुमारा सुरू असताना वादक मनगट दाबत सूर वर नेतो. तो वळणारा सूर हा एक आवाज नाही, ती हालचाल आहे. ती कितीही थर रेकॉर्ड केले तरी पूर्ण हाती लागत नाही.

बासरी आणि सारंगीत हा प्रश्न आणखी वाढतो. इथे राग सुरांमध्ये असतो तितकाच सुरांच्या मधल्या वाटेवर असतो. दोन सप्तकांतल्या २४ सुरांपैकी प्रत्येकावरून इतर प्रत्येकावर जाणारी मींड रेकॉर्ड करायची ठरवली, तर ५५२ तुकडे होतात. ते संथ आणि जलद, हलके आणि जोरकस असे चार प्रकारे घेतले, की २,२०८. एवढं करूनही प्रत्येक तुकडा ठरावीक लांबीचा असणार आणि कलावंत मींड कुठे थांबवेल हे रागावर आणि त्याच्या मनावर असणार. इथे जीबी वाढवून उत्तर मिळत नाही.

मग सॅम्पलच नको म्हटलं तर?

तोही मार्ग आहे. फ्रान्समधल्या तुलूझच्या 'मोडार्ट' कंपनीने २००६ मध्ये 'पियानोटेक' आणलं. यात पियानोचं रेकॉर्डिंगच नाही. तार कशी थरथरते, हातोडी तिच्यावर कशी आदळते, लाकडी फळीतून आवाज कसा पसरतो याची गणिती समीकरणं कंप्युटर त्याच क्षणी सोडवतो आणि आवाज तयार करतो. सॉफ्टवेअरची साइज साधारण ५० एमबी. थर सोळा नाहीत, हव्या तितक्या बारीक पायऱ्या आहेत. पेडलही गणितातच आलं.

मग सगळे हेच का वापरत नाहीत? कारण आवाजाची पसंती. अनेक वादकांना विशिष्ट हॉलमधल्या विशिष्ट पियानोच्या रेकॉर्डिंगमध्ये जो रंग ऐकू येतो, तो समीकरणात सापडत नाही. दुसरं म्हणजे इथे डिस्क वाचते, पण काम प्रोसेसरवर जातं. आणि प्रत्येक वाद्याचं गणित नव्याने मांडायला वर्षं लागतात. पियानोवर दशकानुदशकं संशोधन झालंय. संबळीचं गणित मांडायला अजून तितके लोक बसलेले नाहीत.

घरच्या स्टुडिओत काय निवडायचं?

लायब्ररी घेताना आधी तिची साइज पाहण्याऐवजी ते जीबी कशावर खर्च झालेत हे पाहिलं, तर निवड सोपी होते.

- तालवाद्य असेल तर राउंड रॉबिन किती आहेत ते आधी पाहावं. चारपेक्षा कमी असतील तर वेगवान ठेक्यात ते उघडं पडण्याची शक्यता जास्त.
- पियानो किंवा तंतुवाद्य असेल तर व्हेलॉसिटी लेअर मोजावेत. माइकची संख्या नंतर.
- एकाच लायब्ररीच्या छोट्या-मोठ्या आवृत्त्या असतील तर चाल छोटीवर बांधावी. एखादं वाद्य एकटं पुढे येऊन वाजणार असेल, तर फक्त तेवढ्यासाठी मोठी आवृत्ती उघडावी. मागे भरणा म्हणून वाजणाऱ्या व्हायोलिनना दहा माइकची गरज नसते.
- न वापरलेले माइक आणि वाजवण्याच्या पद्धती बंद कराव्यात. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे करता येतं आणि रॅम लगेच मोकळी होते.
- एखादं वाद्य वाजवून झालं की त्याचा ट्रॅक ऑडिओत रूपांतरित करून ते वाद्य बंद करावं. ८ जीबीच्या लॅपटॉपवर मोठं गाणं पूर्ण करण्याचा हा सर्वात स्वस्त उपाय आहे.
- लायब्ररी एसएसडीवर ठेवावी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून एकाच वेळी शेकडो तुकडे ओढले जात नाहीत आणि आवाज तुटतो.

आणि जी लायब्ररी अजून बनलेलीच नाही, तिचं काय?

या सगळ्या हिशेबातून एक वेगळीच गोष्ट समोर येते. मोठ्या कंपन्यांच्या यादीत स्टाइनवे पियानो आणि व्हायोलिन ढिगाने आहेत. संबळ, हलगी, दिमडी, चौंडकं शोधायला गेलं तर फार काही हाती लागत नाही. मग गोंधळाचं गाणं करणारा संगीतकार कुठला तरी आफ्रिकन किंवा अरबी ढोल उचलतो, त्याचा सूर थोडा वर करतो आणि काम चालवतो. रील चालून जाते, पण संबळ ऐकत मोठा झालेला माणूस लगेच ओळखतो की ही संबळ नाही.

'एवढी मोठी लायब्ररी आपण कुठून बनवणार' हे याचं नेहमीचं उत्तर. पण गणित करून पाहू. संबळीच्या दोन्ही तोंडांवरचे मिळून १२ आघात घेतले, प्रत्येकाचे ६ थर, प्रत्येक थराच्या ६ वेगवेगळ्या थापा. एकूण ४३२ सॅम्पल. प्रत्येक दीड सेकंदाचा, एकाच माइकवर, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटमध्ये. सगळं मिळून होतात सुमारे ५७ एमबी.

ते वाजवायला महागडं सॉफ्टवेअरही लागत नाही. 'एसएफझेड' हा प्रकार म्हणजे कोणता सॅम्पल कधी वाजवायचा हे सांगणारी साधी मजकुराची फाइल असते, ती नोटपॅडमध्येही लिहिता येते. 'डिसेंट सॅम्पलर'सारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. खरी गरज आहे ती शांत खोलीची, बऱ्या माइकची, एक-दोन दिवसांच्या धीराची आणि मुख्य म्हणजे वाजवणाऱ्या गोंधळी कलावंताची. त्याला त्या कामाचे पैसे आणि लायब्ररीवर त्याचं नाव, हे दोन्ही आधी ठरवून.

थोडक्यात काय, तर लायब्ररीवर लिहिलेला जीबीचा आकडा तिने किती जागा खाल्ली एवढंच सांगतो. आवाज जिवंत वाटेल की नाही, हे रेकॉर्ड करताना कोणत्या थापा राखल्या आणि कोणत्या सोडल्या यावर ठरतं. रॅम महाग होत असताना ही समज आणखी कामाची आहे. आणि संबळीच्या बाबतीत अडचण डिस्कवरच्या जागेची नाहीच. ५७ एमबी तर दीड जीबीच्या रोजच्या डेटातही बसतात.